छप्पन अंश

भेरूलालची गाय तीन दिवस
चारा हुंगते नि मान वळवते.
थर्मामीटर म्हणतं, काही नाही.
तो म्हणतो, "मॅडम, नजर लागली."

केसाएवढी काचेची नळी,
तळाशी लाल, वर पिवळसर पाणी.
यंत्र उजेडाकडे धरून वाचते:
आठ पूर्णांक सहा.
मग दुसरी तशीच नळी
छप्पन अंशांच्या पाण्यात, तीन मिनिटं.
छप्पन म्हटलं की इंदुरात
कुणालाही दुकानंच आठवतात;
मलाही भूक लागते.

पिवळ्यात ढगासारखं काही साकळतं.
फिरवून पुन्हा वाचते: सात पूर्णांक चार.
मधलं जे गेलं, ते फायब्रिनोजेन.

म्हणजे यकृताला कळलंय.
अल्ब्युमिनचं रोजचं काम बाजूला सारून
ते रात्रंदिवस धागे कातत बसलंय,
आत कुठेतरी फाटलंय, त्यासाठी.
गाय मात्र
खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघतेय.

"खाते काय ही?"
"मिळेल ते. सराफ्यातलं रात्रीचं उरलेलं
आणतो, पोतंभर."
"पोत्याचं तोंड कशानं बांधतात?"

"तारेनं," म्हणाला. मग गप्प.
बोटांवर मोजू लागला:
पोती किती,
तारा किती.