चौऱ्याण्णव

या यंत्राचं एक बरं असतं,
रक्तातला ऑक्सिजन घटला की त्याचा सूर उतरतो.
बघावं लागत नाही.
मी पाठमोरी उभी राहून नोंदी लिहिते
आणि कान ठेवते मागे, पाच खाटांपाशी.

वडील मिरजेत तंबोरे लावायचे.
तारेखाली सुताचा दोरा, केसभर पुढे, केसभर मागे.
त्या दोऱ्याला जीव म्हणतात.
"सापडला," म्हणायचे, आणि मग चहा मागायचे.
इथे नॉटिंगहॅमच्या रिकव्हरीत
मला कानांचाच पगार मिळतो, असं मी गमतीनं सांगायची.

त्या रात्री तीन नंबरला एव्हरार्ड पिंडर.
मूळचे बार्बाडोसचे. एकतीस वर्षं सिटी बस चालवलेली.
आतड्याचं ऑपरेशन, मॉर्फिन नुकतंच दिलेलं.
बोटाला चिमटा. चौऱ्याण्णव.
सूर जागच्या जागी.

पण ते मास्क ओढत होते,
हवेतलं स्टिअरिंग फिरवत होते.
"दार उघडत नाहीये," म्हणाले, "लोक उतरणार कसे?"
"भूल उतरतेय," मोइरा म्हणाली. "बरळतात असे."
बरळतात, रडतात, शिव्याही देतात.
मीही मान डोलावली.
ती चार मिनिटं मी नंतर कुठेच लिहिली नाहीत.

मग खालचा ओठ उलटून पाहिला.
आतून शिळ्या जांभळाचा रंग.

जबडा पुढे उचलून धरला, हाका मारल्या.
डॉक्टरांनी मनगटातून धमनीचं रक्त घेतलं:
त्र्याऐंशी.
चिमटा अजून चौऱ्याण्णवच म्हणत होता,
स्वच्छ, ठाम सुरात.

कुणीतरी, कुठेतरी
गोऱ्या बोटांवर लावलं असणार त्याला,
त्या बोटांवर ते सुरेलच वाजतं.
वडील म्हणाले असते, वाद्याला काय बोलतेस,
लावणाऱ्यानं कुणाकुणाचे गळे ऐकलेत ते विचार.
आणि तू गं? तू काय ऐकत होतीस?

पहाटे पिंडर जागे झाले, नाकात नळ्या.
"माझी बस डेपोत कोणी लावली?"
"मी," म्हटलं.
बराच वेळ बघत राहिले माझ्याकडे.
"लायसन्स आहे?"

शिफ्ट संपताना चिमटा पुसला
आणि उगाच स्वतःच्या बोटाला लावला.
सत्त्याण्णव.
माझं बोट वडिलांसारखं, सावळं.
यातून किती वजा करायचे?

सहा बावन्नची ट्राम निघतच होती.
पळत गाठली. दारापाशी धाप लागली,
ती मी घड्याळ धरून मोजली.