नाव काढणे

कर्सियांगला धुकं जिन्यानं चढत येतं,
पाय न वाजवता, उशिरा आलेल्या पोरासारखं,
आणि सेंट क्रिस्पिनच्या मोठ्या हॉलमध्ये
मागच्या बाकावर जाऊन बसतं.
मी शिडीवर. दातांत ब्रश.
खिशात मिसेस मोक्तान यांनी टाइप करून दिलेली यादी:
ज्यांनी शाळेचं नाव काढलं.

दीडशे वर्षं, एकेचाळीस नावं.
सोन्याच्या वर्खाची वही पंचवीस पानांची.
एका पानात, श्वास रोखला तर, सहा अक्षरं.
शिंक आली की एखादे न्यायमूर्ती जातात.

न्यायमूर्ती हिरण्मय भादुडी, १९३४.
बाबा सांगायचे, अकराव्या वर्षापर्यंत त्यांची गादी
बॉयलरच्या खोलीत वाळायची,
आणि ते तिच्याशेजारी उभे राहून
लॅटिनची रूपं पाठ करायचे, मोठ्यानं,
गादीनंच विचारल्यासारखी.

एअर कमोडोर लेस्ली ऑगियर, १९३७.
पाण्याच्या टाकीवर चढले, उतरता येईना.
बाबांनी पाठुंगळी घेऊन आणलं खाली.
डोळे मिटलेले, बाबांचा कान मुठीत.
पुढे सरकारनं आभाळच त्यांच्या ताब्यात दिलं.

डग्लस पिकरिंग, हॉकी, नंतर पर्थ.
यांच्याबद्दल बाबांना काही आठवत नसे.
चांगला मुलगा असावा.

बाबा घंटा वाजवायचे. हर्कमान राई.
पगार चौदा रुपये,
नाव पगाराच्या वहीत, पेन्सिलीनं.

जुन्या फळ्याचं पॉलिश उतरवताना
एकेचाळीस सालच्या ओळीत माझं बोट अडखळलं.
सागवान तिथं खोलगट. फार नाही, चमच्याइतकं.
दिवा आडवा धरला, तेव्हा सावलीनं वाचून दाखवलं:
ल्हेंडुप फोनिंग. क्रॉसकंट्री. पहिला.

बेचाळीसचा ऑगस्ट.
पहाटे सहाला बाबांनी दोर ओढला
आणि घंटा वाजलीच नाही.
वर काहीतरी मऊ आपटलं,
उशीत बुक्की मारावी तसं.
लोलकाला पायमोजा गुंडाळलेला,
राखी, शाळेचाच, टाचेला रफू.
त्या दिवशी प्रार्थना नाही. राजाचं गाणं नाही.
तीनशे मुलं अंथरुणात, जागी, गप्प.

मोजा कुणाचा, ते मोज्यावरच होतं.
धोब्यासाठी शिवलेला नंबर, अठ्ठ्याऐंशी.
उसवायची तसदी त्यानं घेतली नव्हती.

ट्रंक डोक्यावर घेऊन तो पंखाबारीच्या उतारानं गेला.
पुढचं कुणाला ठाऊक नाही.
भराभर गेला म्हणतात.

फळ्यावरचं नाव काढायला पटाशी चालत नाही,
फुटक्या बाटलीची काच लागते.
ते काम बाबांनी केलं. दोन रुपये मिळाले.
मला सांगितलं ते मरायच्या आदल्या हिवाळ्यात,
तेही, काच हातात कशी धरावी
हे शिकवता शिकवता.
मग म्हणाले, त्याचं नाव काढू नकोस कुणापाशी.

मी काढलं.
मिसेस मोक्तान चांगल्या बाई.
चष्मा पुसला, यादी पुन्हा पाहिली.
‘पण तो पुढे झाला काय?
रकाना भरावा लागतो, दाज्यू.’
थोड्या वेळानं, खिडकीकडे बघत:
‘तेवढा खड्डा लांबीनं भरून टाका.’

डबा उघडला. लांबी वाळून दगड.
बाजार खाली, गुडघे माझे, दिवस शनिवारचा.
त्या ओळीवर नुसतं पॉलिश फिरवलं.
खोलात ते जरा जास्तच बसतं.

वर्ख चिकटला की घासावा लागतो,
मऊ लोकरीनं, हलका, गोल गोल.
माझ्यापाशी बाबांच्या पेटीतलं फडकं आहे.
न्यायमूर्ती घासले.
एअर कमोडोर घासले.
पिकरिंग.
संध्याकाळपर्यंत एकेचाळीसही जण लखलखायला लागले.

टाचेचं रफू खरखरीत आहे,
सोन्यावर ओरखडा उठतो.
तेवढं मी आत दुमडून घेतो.