कणांचा हिशेब

ताळगावच्या पठारावर, रात्री पावणेदोनला,
ज्वालामुखी पुन्हा फसला.
चौदाव्या सेकंदाला वायूचा वेग
कुठल्याशा एका घरात अनंत झाला
आणि प्रोग्रॅम थांबला.

घर म्हणजे जाळीतलं,
पाच मीटर लांब, पाच मीटर उंच, भिंती नसलेलं.
आत किती राख आली, बाहेर किती गेली,
वजाबाकी जुळली की पुढचं घर.

डिचोलीला आई हेच करायची.
खनिजाचे ट्रक दारावरून धावायचे तेव्हा
उंबरा पुसून फडकं बादलीत पिळायची,
पाण्याच्या तांबडेपणावरून सांगायची
आज फेऱ्या किती झाल्या.
एकदा म्हणाली एकशेदहा.
बाबा ट्रकवरून उतरले, म्हणाले, एकशेआठ.

जाड कण लगेच बसतो.
बारीक असतो तो वाऱ्याचं ऐकतो.
त्याहून बारीक कुणाचंच नाही;
त्याच्यासाठी मी वेगळं समीकरण घातलंय,
आणि चूक बहुतेक तिथेच आहे.

काळाचं पाऊल निम्मं केलं. पुन्हा सोडलं.
उजाडेपर्यंत तीस सेकंद होतील.
तोवर बाबा उठलेले असतील,
अंगणात, खांबाला धरून, खोकत.
खाण बंद होऊन किती वर्षं झाली.

माझ्या जाळीच्या कडेला लिहिलंय:
बाहेर गेलेला कण परत येत नाही.