एकशे चार

एका ट्रेला एकशे चार खाचे असतात.
मोजू नये, आई म्हणते, बरकत जाते.
मी मोजते. दहावीपासून वही माझ्याकडे आहे.

भोकरदनहून सिल्लोडकडे जाताना डाव्या हाताला
दोन शेतं ओलांडली की आमचं शेडनेट.
घेतलं तेव्हा हिरवं होतं, आता राखी;
वादळात फाटलेला कोपरा
आईनं जुन्या साडीच्या काठानं शिवलाय.
दुपारी जाळीतून उन्हाचे बारके चौकोन पडतात
मिरचीच्या रोपांवर, झारीवर, वहीवर,
आणि सगळ्यात ठळक कौतिकमामाच्या टकलावर.

मे संपत आला. आता दम खायला वेळ नाही.
कोकोपीटची वीट टपात भिजायला टाकली
की फुगत जाते, फुगत जाते,
लग्नात मानपान राहिलेल्या आत्यासारखी.
मामा हातानं तिची समजूत काढतो.

मग रांगेनं बसायचं.
आई अंगठ्यानं खड्डा करते: नखाएवढा,
त्याहून खोल गेला तर बी वर यायचं विसरतं.
कडूबाई बी टाकते. औषधात घोळलेलं गुलाबी बी,
एकेक अर्ध्या रुपयाला;
खाली पडलं तर सगळे काम थांबवून शोधतात,
जसं काही कुणाच्या कानातलं पडलंय.
मी वरून माती लोटते. म्हणजे माती नाहीच ती,
नारळाचा भुसा. नारळ इथं
देवळात फुटतो तेवढाच ठाऊक.

शनिवारी आई रेशनला गेली होती.
मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा.
पुसून ठेवला, लाल.
दुकानदार म्हणाला, लिंबानं घासून या, मावशी,
रेषाच राहिल्या नाहीत.
ती पिशवी घडी करून परत आली,
पदर खोचला, बसली, आणि
सांजेपर्यंत बावीस ट्रे दाबले.
"मह्या अंगठ्याला काय झालं वो?"
एवढंच एकदा म्हणाली, कडूबाईला, हसत.
मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला.
बावीस गुणिले एकशे चार.
बाईंनी शिकवल्यासारखा पडताळाही घेतला.
कुणाला दाखवला नाही.

हसनाबादच्या माणसाचे साठ ट्रे तयार आहेत.
फोन केला तर म्हणतो, ठिबक अंथरायचंय, आठ दिवस थांबा.
मी थांबीन. रोपाला कसं सांगू?
पस्तीस दिवसांचं झालं की त्याच्या मुळ्या
खाचेच्या आतच गोल फिरायला लागतात.
मामानं फोन माझ्या हातातून घेतला
आणि असं काही बोलला
की कडूबाईनं कानावर पदर ओढला
आणि त्याच्या आडून नीट ऐकलं.

टँकर एक दिवसाआड येतो.
ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी
आम्ही धुणं धूत नाही. रोपं पितात.

पेरलेले ट्रे एकावर एक रचून
काळ्या कागदात गुंडाळून ठेवतो.
आत ऊब धरते, बी अंधारात फुटतं.
चौथ्या दिवशी उघडलं तर घाई होते,
सहाव्या दिवशी उशीर: रोपं उजेड हुडकत
दोऱ्यासारखी लांब झालेली असतात,
मग कुणाच्या कामाची नाहीत.
पाचवा दिवस पाहिजे, तोही पहाटेचा.
वहीत तारीख असते,
पण आई वही विचारत नाही.
कागदाला नाक लावते.

आज चार वाजता तिनं माझा पाय हलवला.
"ऊठ, निघाले."
झोपेत मला वाटलं, गाडी चुकली कुणाची.
"कोण निघालं?"
ती केव्हाच बाहेर गेली होती, बॅटरी घेऊन.
अंधारात मला एकच चप्पल सापडली.