उंचीचा फरक

चवथ सरली. माटोळीची सुपारी अजून ओसरीवर वाळत होती
तेव्हा मी पहिल्यांदा कुरण मोजलं.
मोजलं म्हणजे, चार काठ्या बांधून चौकोन केला,
डोळे मिटून भिरकावला,
आणि तो जिथे पडला तिथलं सगळं
दुधाच्या वहीत नावानिशी मांडलं:
मूठभर करड. चार टाकळे. एक लाजाळू, ऐसपैस.
मग रानमोडी, रानमोडी,
आणि वहीची ओळ संपली.

सहा गायी, पावणेचार एकर उतार.
बिरमो येडगे म्हणाला, यंत्र आणूया.
त्रेसष्ट वर्षांत त्याने कोयत्याशिवाय काही हातात धरलं नव्हतं,
तरी म्हणाला.

सांग्यात मेनिनो कुलासोच्या दुकानी
तीन अवजारं भिंतीला टेकून उभी होती
स्थळं आल्यासारखी,
आणि मी, जिने आपलं स्थळ चहाच्या कपाआडून पाहिलं,
दात, वजन, खाणंपिणं
मोकळेपणी विचारत होते.

पहिलं पेट्रोलचं, फिरत्या पात्याचं.
बिरमोने पट्टा खांद्यावर चढवला आणि असा हसला
की मी किंमत विचारायची विसरले.
पण आमच्या उतारावर मातीपेक्षा चिरा जास्त.
पातं दगडाला लागलं की आधी ठिणगी, मग खर्च.
पात्याऐवजी नायलॉनची दोर लावावी
तर ती गवत भादरते
आणि रानमोडीच्या खोडाला नुसत्या गुदगुल्या करते.
शिवाय छाटलेली रानमोडी गप्प कुठे बसते?
एका देठाचा हिशेब पाच देठांनी चुकवते.

दुसरा पाठीवरचा पंप. सोळा लिटर, बॅटरीवाला.
दुपारचा वारा आमच्याकडून खाली उतरतो,
खाली लुर्दिनाचं कुळागर, तिची मिरवेल,
त्याच्याखाली झर.
पाणी माझ्या गायी पितात. मीही.
पंप मी हातातसुद्धा घेतला नाही.

तिसऱ्यावर धूळ होती.
लांब पोकळ नळी, तिच्यात औषध,
खाली दोरीची भिजत राहणारी वात.
गुडघाभर उंचीवर धरून चालायचं, बस्स.
जो डोकं वर काढून उभा, त्याला तेवढं ओलं बोट लागतं;
खालच्या गवताला पत्ताही नाही.

मला आवडलं, आणि आवडल्याची थोडी भीतीही वाटली.
मान वर काढणाऱ्याला हेरून मारणारी काठी!
अशा काठ्या मी पंचायतीतही पाहिल्या आहेत.

मेनिनो पैसे घेता घेता थांबला.
‘बाय, एक सांगतां.
गवत नि तण एकाच उंचीचं असलं तर ही आंधळी.
आधी गायी सोड. त्या गवत खातील, रानमोडीला तोंड लावणार नाहीत.
मग फरक दिसेल.’

म्हणजे अर्धं यंत्र
माझ्याच गोठ्यात रवंथ करत होतं.

नऊ दिवस गायी चरल्या.
दहाव्या दिवशी कुरण उघडं पडलं
आणि रानमोडी अशी उभी दिसली
जशी सभा उठल्यावरही बसायला विसरलेली माणसं.
फुलायला दोन महिने होते.
गायींना फाटकाबाहेर काढलं,
पहाटेच्या निवांत हवेत नळी धरली, चालले.
दगड आला की बाजूने. परत उतारावर.
चंद्री फाटकावर हनुवटी ठेवून पाहत होती,
तिच्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते,
कधी सोडणार, एवढंच.

आता काठावरची रानमोडी तपकिरी होत आली आहे.
काही चुकल्या, त्या बुंध्याशी धरून
बिरमो रोज थोड्या उपटतो, न बोलता.
ते पात्याचं यंत्र भाड्याने मिळतं, दिवसाला सहाशे;
वाटेकडेचा सपाट तुकडा आहे, तिथे दगड नाहीत.
मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

लाजाळू मात्र वाचली.
वात वरून गेली तेव्हा
ती आधीच मिटून निजली होती.
वहीत तिच्यापुढे मी काहीच लिहिलं नाही,
जागा तेवढी सोडली आहे.