एलिओदोरो, रजेरजेनं

पास्कू लोबोच्या पडवीत खुंटीला एक गाण्याची तबकडी टांगलेली होती.
म्हणजे तबकडी नव्हे, तिचं नुसतं पाकीट.
तबकडी वेराक्रूझहून निघाली तेव्हा अख्खी होती,
वाटेत बोटीच्या भटारखान्यात
कुणाच्या तरी बुडाखाली मोडली.
पाकिटावर पांढऱ्या घोड्यावर एक माणूस,
सुपाएवढी टोपी, पितळी बटणं,
आणि हसू असं, की वेंगुर्ल्याच्या बाजारात
त्याला कुणीही उधारीवर सुरमई दिली असती.

"ह्यो एलिओदोरो," पास्कू सांगायचा,
"गाता, आणि शिनेमात काम करता."

अकरा महिने बोट, एक महिना घर.
दर रजेला साबणाच्या वड्यांबरोबर
तो त्या माणसाच्या आयुष्याचा एक तुकडा घेऊन यायचा.

पहिल्या रजेत एलिओदोरो जन्मला.
बाप बंदरावर हमाल, आई लोकांच्या घरी भाकऱ्या थापायची.
तिकडे मक्याच्या, आपल्याकडे तांदळाच्या,
चुलीचा धूर तेवढा एकच.
आठव्या वर्षी पोरगा मासळीच्या लिलावात बर्फ विकायचा,
ओरडता ओरडता
ते ओरडणंच एक दिवस सुरात पडलं.

दुसऱ्या रजेत बाप बुडाला.
पास्कूनं गोष्ट तिथेच सोडली,
मांडवीच्या मुखाकडे बघत बसला,
विडी आपली आपण विझली.

तिसऱ्यात घोडा.
सिनेमावाल्यांनी विचारलं, घोड्यावर बसता येतं?
हा म्हणाला, येतं.
येत नव्हतं.
आयाळ मुठीत धरून, डोळे गच्च मिटून
त्यानं अख्खं गाणं म्हटलं,
आणि थेटरातल्या बायका म्हणाल्या,
प्रेम करावं तर असं, डोळे मिटून.
आम्ही पोरं लोळलो हसून.
माझे बाबा हसले नाहीत.
ते दशावतारी कंपनीचे कपडे शिवायचे;
राजाच्या अंगरख्याला आतून किती ठिगळं
त्यांना ठाऊक.

मग काही रजा नुसती कीर्ती.
मोटारी, हारतुरे, लग्नं.
लग्नं चार;
रोजारीनबाय चहा घेऊन आली की दोन.

पास्कूचा दम लागायला लागला त्या वर्षी
एलिओदोरोचा घसा बसला, कायमचा.
तरी तो उभा राहिला म्हणे, दिव्यांत,
नुसते ओठ हलवत,
आणि समोरच्या हजार माणसांनी
त्याचं गाणं त्यालाच म्हणून दाखवलं.
"मगे?" आम्ही विचारलं.
"मगे काय. घराक गेलो."

पास्कू गेल्यावर पाकीट माझ्याकडे आलं.
गोव्याहून आलेल्या एका पाद्रीला ती भाषा यायची.
दुकानात, मशीनजवळच्या स्टुलावर बसून
त्यानं मागची बाजू वाचली.
बारा गाण्यांची नावं.
कारखान्याचा पत्ता.
तबकडी उन्हात ठेवू नये.
"आणि?"
"आणि काही नाही."

रोजारीनबायला सांगितलं, तर ती मासे साफ करायची थांबली नाही.
सासरा निवतीच्या खडकांपाशी गेला, म्हणाली,
ह्यो तेवा आट वर्सांचो. बरफ इकी.
आणि खवल्यांचा हात पदराला पुसून:
तुज्या बापाशीक इचारूक होया होतां.

बाबा नाहीत. त्यांची मापांची वही आहे.
वाळवीनं कडा खाल्लेलं पान:
पा. लोबो. राजपार्ट. छाती चौतीस. बाही लांब.
जत्रेअगोदर हवा. आगाऊ दोन रुपये.
पुढे बाबांच्या अक्षरात: आला नाही. बोटीवर गेला.

दोन रुपये जमेला तसेच आहेत.
अंगरखा दुसऱ्या कुणी तरी घातला असेल,
चौतीस छातीचे राजे पुष्कळ.

घोड्याचं मात्र काही जुळत नाही.
वेंगुर्ल्यात घोडा नव्हता कधी,
बोटीवर असायचं कारण नाही.
मी वही दोनदा चाळली.

पाकीट आता दुकानात, आरशाशेजारी.
माप देता देता गिऱ्हाईक विचारतं, कोण हो हा?
तोंडात टाचण्या असतात,
तरी सांगतो:
गाता, आणि शिनेमात काम करता.