दुपदरी

डोंगरउतारावर, कोविल्यां गावात,
जिथे ओढ्यातून पूर्वी रंगाऱ्यांचं पाणी
निळं, तांबडं, निळं असं उतरायचं,
त्या लोकरीच्या गिरणीत आता कपाटं आहेत.
काळी, माणसाहून उंच, रात्रंदिवस दिवे मिचकावणारी.
माग गेले. घरघर तेवढी राहिली.

बेल्मीरो रात्री फरशी पुसतो. तो म्हणाला,
"सतराव्या कपाटाला ओला हात लागला
की मुंग्या चढतात, कोपरापर्यंत."
मानेची शीर असेल, म्हणाले सगळे.
मला बोलावलं ते तपासणीच्या कागदावर
सही हवी होती म्हणून.

एकेका तारेला मी क्लॅम्पचा जबडा लावत गेले.
हिरवी-पिवळी तार, जिला कुणी कामाची म्हणत नाही.
चौदाव्याला अकरा मिलिअँपिअर.
पंधराव्याला बारा. सोळाव्याला तेरा.
यात बिघाड काही नाही. प्रत्येक यंत्र
आपल्या पोटातली खरखर जमिनीला सांगतं,
थोडी थोडी, अर्धा-एक मिलिअँपिअर,
तो त्याचा स्वभावच.
एका कपाटात अशी वीस बोलकी यंत्रं.

सतराव्याला शून्य.

तेल्मो, इथला अभियंता, खूश झाला.
"बघा, एकच कपाट शिस्तीचं."
मी मात्र गुडघ्यावर बसले.
गळायलाच हवं ते गळत नसेल
तर ते गेलं कुठे?

मागच्या बाजूला, धुळीत, स्क्रूखालून निसटलेली तार.
जागच्या जागी उभी, अगदी लागल्यासारखी.
कागद सरकेल एवढंच अंतर.
त्या अंतरापलीकडे वीस यंत्रांची कुजबुज
पत्र्यावर साचून राहिलेली,
वाट बघत
ओल्या फरशीची, एका हाताची.
ब्रेकर चूप. त्याच्या लेखी तेरा म्हणजे काहीच नाही.
माणसाची मूठ मात्र तेवढ्यात मिटते
आणि उघडत नाही.

"अडीचची तार पुरे होती," तेल्मो म्हणाला,
आणि आकडे दाखवले. आकडे बरोबर होते.
शॉर्टसर्किटचा लोंढा अडीच चौरस मिलिमीटर तांबं
सहज सोसतं. तेरा मिलिअँपिअरला तर
केसाएवढं पुरलं असतं.
"मग दहाची कशाला?"

आई याच दालनात बसायची, तिसऱ्या खिडकीशी.
झुल्मीरा, रफू करणारी.
कापड उजेडाला धरून तुटलेली टोकं हुडकायची.
मी लहान असताना विचारलं होतं,
अंगावरच घालायचं ना, मग सूत एवढं पिळाचं कशाला?
ती सुईत दोरा ओवत म्हणाली,
"सूत वजनासाठी जाड नसतं गं.
खिळ्यासाठी असतं."

तेल्मोला मी आईचं सांगितलं नाही.
नियम सांगितला: दहा मिलिअँपिअरच्या वर गळती असेल
तर दहाची तार,
नाहीतर पहिलीच्या जोडीला दुसरी, तेवढ्याच जाडीची,
स्वतःच्या स्क्रूखाली.
स्वतःच्या, हे दोनदा सांगितलं.
एकाच स्क्रूखाली दोन दाबल्या
तर त्या दोन नव्हेत. स्क्रू ढिला झाला
की दोघी एकदमच पोरक्या.

खर्चाचा विषय निघाला. तो निघतोच.
तांब्याचा भाव, बंद ठेवायचे तास, कोणाचं नाव कुठे.
मी कागद सही न करता पिशवीत ठेवला.

शुक्रवारी रात्री सतराव्याला दुसरी तार आली.
वेगळ्या वाटेने, लोखंडी नळीतून,
म्हणजे कुणाची शिडी एकीवर पडली
तर दुसरी वाचेल.
स्क्रू आवळून मी तार ओढून पाहिली,
पुन्हा ओढली. आई कापड ओढायची तशी, वाटतं.

क्लॅम्प लावला. इकडे सात. तिकडे सहा.

बेल्मीरो फडकं पिळत उभा होता.
त्याने बोटं पुढे केली नाहीत, हाताची पालथी बाजू केली,
गरम तवा चाचपावा तशी.
"काहीच नाही," तो म्हणाला. "आता गळत नाही?"

"गळतंय," मी म्हटलं. "तेवढंच."

त्याने बादली सरकवली
आणि सोळाव्याकडे बोट दाखवलं.